बाक क्रमांक सातबाबत मी दिलेले खोटे शपथपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
शालेय विलगीकरण चौकशी समिती
(मा. न्यायालयाच्या आदेशान्वये गठित),
नाशिक.

विषय : दि. १९ सप्टेंबर २०२५ रोजी मी दिलेले शपथपत्र खोटे असल्याने ते मागे घेऊ देणेबाबत.

संदर्भ : १) श्री. भिका भोये, ता. सुरगाणा, यांची शाळेविरुद्धची याचिका.
२) माझे दि. ६ ऑक्टोबर, २७ ऑक्टोबर व १० नोव्हेंबरचे अर्ज (तिन्ही परत आले).

महोदय,

मी, आफिया हबीब मणियार, राहणार सिन्नर, सदर शाळेतील इयत्ता चौथी 'क'ची वर्गशिक्षिका, चौथ्यांदा सादर करते की :

१. शासनाच्या योजनेतून सुरगाणा, पेठ भागातील आदिवासी मुले या शाळेत निवासी म्हणून दाखल होतात. फी भरणारी शहरातील मुले 'अ' आणि 'ब' तुकडीत बसतात. आदिवासी मुले 'क' तुकडीत, मागच्या इमारतीत, पाण्याच्या टाकीशेजारी बसतात. त्यांचे फाटक वेगळे आहे. त्यांची मधली सुट्टी वीस मिनिटे उशिरा होते, म्हणजे मैदानावर दोघांची गाठ पडत नाही. शाळा याला 'पूर्वतयारी वर्ग' म्हणते. माझ्या वर्गातील मुलांची पूर्वतयारी चार वर्षे चालू आहे. कशाची, ते मला कोणी सांगितलेले नाही. 'क' तुकडी मलाच का दिली, हेही कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

२. याविरुद्ध श्री. भिका भोये यांनी न्यायालयात दाद मागितली. ते नागली आणि भात पिकवतात व दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जातात. त्यांची मुलगी रोशनी माझ्या वर्गात होती. आमची पोर वेगळी का बसवता, एवढाच त्यांचा प्रश्न. खरेखोटे पाहण्यासाठी न्यायालयाने आपली समिती नेमली आणि समितीने भेटीची तारीख शाळेला आठ दिवस आधी कळवली. शाळेला आठ दिवस पुष्कळ झाले.

३. दि. ९, १० व ११ सप्टेंबर हे तीन दिवस मी माझ्या चौतीस मुलांना एकच धडा शिकवला. कोणी 'अ'मध्ये कोणत्या बाकावर बसायचे, कोणी 'ब'मध्ये, आणि शेजारी कोण, हे फळ्यावर लिहून पाठ करून घेतले. प्रत्येकाला तीन वाक्ये होती. रोशनीची वाक्ये अशी : "माझा बाक सात नंबरचा. माझ्या शेजारी ईरा बसते. ईराला चित्रकला आवडते." तिसरे वाक्य मुख्याध्यापकांनी सांगितले नव्हते. ते माझ्या डोक्यातून आले. मी पाठांतर चांगले करून घेते अशी शाळेत ख्याती आहे, आणि त्या तीन दिवसांत मला त्या ख्यातीचा अभिमानही वाटला, हे लाज सोडून लिहिते.

४. दि. १२ रोजी समिती दीड तास शाळेत होती. समितीच्या एका सदस्यांनी रोशनीला मैत्रिणीबद्दल विचारले. तिने तिन्ही वाक्ये न अडखळता म्हटली. सदस्यांनी "वातावरण मैत्रीपूर्ण" अशी नोंद केली. 'अ'मधल्या ईराला मात्र रोशनीबद्दल कोणी काही विचारले नाही. विचारले असते तर प्रकरण तिथेच उघडे पडले असते, कारण पाठांतर फक्त आमच्या बाजूने झाले होते. समितीची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर ईराने मला विचारले, "मॅडम, हिचं नाव काय?" मुलांना परत न्यायची घाई होती. मी रांग लावायला घेतली.

५. दि. १३, शनिवार, सकाळची शाळा. रोशनी वसतिगृहातून निघाली ती मागच्या इमारतीत आलीच नाही. ती दप्तर घेऊन सरळ चौथी 'अ'च्या वर्गात गेली आणि बाक क्रमांक सातवर बसली. ईराने सरकून तिला जागा करून दिली. हे मी स्वतः दारातून पाहिले आहे व त्याची साक्ष कुठेही देईन. हजेरीत तिचे नाव येईना, तेव्हा तिला मुख्याध्यापकांसमोर उभे केले. आपले काही तरी चुकले असे वाटून पोरीने हात बांधून तिन्ही वाक्ये पुन्हा बिनचूक म्हणून दाखवली. मग मला बोलावण्यात आले. तिचा हात धरून तिला मागच्या इमारतीत मीच नेले.

६. सोमवारी श्री. भोये यांना बोलावून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यांचा अंगठा घेण्यात आला. कारण लिहिले, "पालकांच्या विनंतीवरून". त्यांची विनंती मी माझ्या कानांनी ऐकली आहे. ती अशी होती : "बाई, पोरीनं काय केलं ते तरी सांगा. ती त शाळंतच बसली ना?" त्यानंतर चार दिवसांनी, सर्व मुले एकत्रच बसतात, असे शपथपत्र मी सही करून दिले. माझा करार ३० सप्टेंबरला संपत होता. नूतनीकरणाचे पत्र त्याच दुपारी हातात पडले.

७. त्यानंतर मी आपल्या कार्यालयाचे उंबरे झिजवत आहे. पहिला अर्ज परत आला, कारण शपथपत्र मागे घेण्याचा विहित नमुना उपलब्ध नाही. दुसऱ्यावर शेरा पडला की, शपथेवर केलेले विधान साध्या अर्जाने खोटे ठरत नाही, सबब अर्जदार शपथपत्रात खरेच बोलल्याचे गृहीत धरण्यात येते. महोदय, मी खोटे बोलले हे सांगण्यासाठी आधी मी खरे बोलते हे कसे सिद्ध करावे, ते कृपया कळवावे. तिसऱ्यावर लिहिले की, संबंधित विद्यार्थिनी आता पटावर नसल्याने तिला वेगळे बसवल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा शेरा ज्यांनी लिहिला त्यांना मुले असतील, तर त्यांनी तो घरी एकदा मोठ्याने वाचावा.

८. काल, रविवारी, भोये कुटुंब मजुरीला आहे त्या दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत मी गेले. रोशनी आईबरोबर वेलींचे फुटवे काढत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि पुढच्या ओळीत निघून गेली. तिची आई नवसाबाई म्हणाली, "तिला आता शाळंचं नाव काढलं की ताप भरतो. तुमी नका येऊ, बाई." मी परत आले.

९. सुनावणी २८ नोव्हेंबरला आहे. माझे शपथपत्र नस्तीत राहिले तर याचिका निकाली निघेल आणि मागची इमारत कायदेशीर होईल. तरी विनंती की, ते शपथपत्र खोटे असल्याची नोंद त्यापूर्वी न्यायालयापुढे ठेवावी, रोशनीचा दाखला रद्द करून तिला चौथी 'अ'मध्ये बसवावे, आणि खोट्या शपथेबद्दल माझ्यावर रीतसर कारवाई करावी. मी कोणतीही सवलत मागत नाही.

१०. शेवटी एक बाब. तिचा विहित नमुन्याशी संबंध नाही, तरी नोंद घ्यावी. ती जागा फक्त त्या एका दिवसापुरती आहे, हे रोशनीला सांगायचे माझ्याकडून राहून गेले. मी कोणालाच सांगितले नव्हते. बाकीच्या तेहतीस मुलांना ते न सांगताच कळले होते.

'आपली विश्वासू' असे लिहिण्याचा अधिकार मी १९ सप्टेंबरला गमावला, म्हणून फक्त सही करते.

(सही)
आफिया हबीब मणियार
सिन्नर, दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) खोट्या शपथपत्राची प्रत.
२) करार नूतनीकरणाचे पत्र, त्याच तारखेचे.
३) तीन परत आलेले अर्ज, शेऱ्यांसह.
४) चौतीस मुलांची बाकवार यादी व प्रत्येकाची तीन वाक्ये, माझ्या हस्ताक्षरात.