साहेबांच्या ताटातला मासा

ता. ४ मार्च
चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? भावजयबाईंचा खोकला गेला का? छकुलीला दात आले, की अजून हिरड्यांनीच घर खाते? माझे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे.

तळ्याचं बरं नाही. तुझ्या खाणीच्या गाळाचा बांध झिरपतो आणि ते पाणी थेट लव्हाळ्यात येतं, मासे अंडी घालतात तिथंच. यंदा एकही पिल्लू दिसलं नाही. जाळं राखाडी होऊन वर येतं. मासेमारी बुडाली तर मी काय, तुझ्या मेसमध्ये कांदे चिरू? तुझे मोठे साहेब म्हणतात, पाणी निर्मळ, मासे उत्तम. पुढच्या शुक्रवारी तळ्यावरून गावात सभा आहे, तेही येणार. तू त्यांना रोज जेवू घालतोस, त्यांच्या पोटात काय आहे ते कळव.

तुझी आक्का


ता. ९ मार्च
ती. आक्कास,

सा. न. वि. वि. कंबर बरी, खोकला गेला, दात दोन आले आणि दोन्ही माझ्या बोटावर उमटले. सभेत मला ओढू नकोस, नोकरीचा प्रश्न आहे. आणि माझ्या मेसला नावं ठेवू नकोस. तुझ्या मरतुकड्या माशांवाचून आमचं काही अडत नाही. साहेब महिन्याभरापासून डोंगरापलीकडून मासळी मागवतात, बर्फात घालून, मोटारीनं. ताटं घासायची गरज पडत नाही, इतकी चाटूनपुसून खातात.

राग नसावा, लोभ असावा.
धाकटा


ता. १३ मार्च
चि. धाकट्यास,

आशीर्वाद. राग कसला? असा फुशारक्या मारणारा भाऊ घरोघरी असावा. सभेत साहेबांनी तळ्यातल्या माशांचे गोडवे गायले. मी उठून हात जोडले आणि म्हटलं, मग सोमवारपासून आपल्या मेसला मीच मासे पुरवते, फुकट. टाळ्या पडल्या, त्या भरात साहेब हो म्हणाले. तुझं नाव काढलं नाही, बर्फाचंही नाही.

टोपली येईल. तू नीट शिजव, पण लक्ष ठेव. कुणी खरंच घास उचलला तर ताट ओढून घे. मला बांध दुरुस्त हवाय, कुणाचा जीव नको.

आक्का


ता. २४ मार्च
ती. आक्कास,

सा. न. काय करून ठेवलंस हे? त्या सोमवारी अख्खं ऑफिस एकाएकी शाकाहारी झालं. साहेबांचं पोट तर न जेवताच बिघडलं. मांजरसुद्धा टोपली हुंगून परत गेलं. मग खाणीतले कामगार उठले. त्यांची घरं तळ्याकाठीच, पोरं तेच मासे खातात. ते म्हणाले, साहेबांनी आधी एक घास घ्यावा, मगच आम्ही खाणीत उतरू. दोन दिवस कुणी उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी गाळ सोडणं बंद झालं आणि बांधाच्या डागडुजीला माणसं लागली.

मला केबिनमध्ये बोलावलं. ती बाई तुमची कोण, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुणीच नाही. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, तिचं नाक तर तुमचंच आहे. तरी नोकरी टिकली, कारण भाज्यांना चव आणणारा दुसरा कुणी त्यांच्याकडे नाही.

आता तळं कधी सावरेल कोण जाणे. पण रोज सकाळी लव्हाळ्यात डोकावत जा, आणि पहिलं पिल्लू दिसलं की हातातलं जाळं टाकून आधी मला दोन ओळी लिही.

तुझा कुणीच नसलेला,
धाकटा