बटण आधी, औषध नंतर

गुरुवार, १४ मार्च

ती. दादास,

नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असणार. काल फोनवर ज्या पट्टीत ओरडलास, त्यावरून कळलंच. वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

"ठकीचं सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकल," एवढंच म्हटलं तर म्हणालास, "तू नुसती सुई टोचणारी, तुला काय कळतं!" मला तेवढंच कळतं, तर तेच ऐक. त्या तपासणीत ठकीला फिट सुरू झाली की लगेच स्कॅनचं औषध शिरेत जायला हवं. त्या वेळी मेंदूत जिथे रक्त जास्त धावतं तिथे ते जाऊन बसतं, आणि नंतरच्या स्कॅनमध्ये ती जागा उजळते. उशीर झाला तर फिट पुढे पसरलेली असते. मग भलतीच जागा उजळते आणि डॉक्टर तीच कापायला निघतात.

नातेवाइकांना तपासणीच्या खोलीत बसू देत नाहीत. तुझ्यासाठी मी सगळ्यांच्या हातापाया पडले. आणि तू काय केलंस? पोरगी वाकडी होताच माझं मनगट धरलंस. "आधी फिट थांबव! माझ्या पोरीवर प्रयोग करतेस?" लहानपणापासून हट्टी तो हट्टीच.

हे तुला त्याच दिवशी ऐकवलं असतं. नाही ऐकवलं, कारण मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

औषध देताना वेळ नोंदवायचं एक बटण असतं. ते मी सिरिंज उचलता उचलता आधीच दाबून बसले होते. तू हात सोडलास आणि औषध गेलं तेव्हा चाळीस सेकंद उलटले होते, पण नोंदीत ते वेळेवर गेलेलं दिसतं. वेळ चुकली असं लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. भावाला हट्टाने आत घेतलं आणि त्याने घोळ घातला, हे कोणत्या तोंडाने सांगू? कॅमेऱ्यात नुसती तुझी पाठ दिसते. मी त्या पाठीमागे लपले, दादा. लाज वाटते.

आज सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ऑपरेशन रद्द झालंय. तपासणी पुन्हा होणार, म्हणजे ठकीला पुन्हा फिट येण्याची वाट बघायची. माझा गळा धरावासा वाटेल तुला. धर. पण या वेळी सुई देणाऱ्याचा हात धरू नकोस.

मला त्या कामावरून काढलंय. तुलाही आत सोडणार नाहीत. मी बाहेरच्या बाकावर असेन, तुझ्यापासून लांब. उठवायला येऊ नकोस, उठणार नाही.

तुझी कुणी नाही,
ठकीची आत्या