अठरा श्वास

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! खोली छान आहे, खिडकी पूर्वेला, टेबल ऐसपैस. मेट्रनबाईंनी स्वतः चहा दिला आणि या आपल्या संशोधक सिस्टर, अशी सगळीकडे ओळख करून दिली. इतकी वर्षं संशोधन डॉक्टरांनी करायचं आणि आम्ही चादरी बदलायच्या. आता कुठली पद्धत ठेवायची आणि कुठली मोडीत काढायची, हे नर्स ठरवणार, तेही पुराव्यानिशी. मला वरच्या मजल्यावरचा दहा खाटांचा वॉर्ड मिळालाय. महिनाअखेर संचालकांपुढे अहवाल मांडायचा. आईला फोन केला. तिथे तरी लोकांशी जमवून घे, म्हणाली. बघू.

५ तारीख
वॉर्डचे जुने तक्ते चाळले. हसावं की रडावं! नाडी रोज वेगळी, ताप वेगळा, पण श्वास मिनिटाला अठरा. सगळ्यांचे, सहा वर्षं. बरा होऊन घरी निघालेल्याचे अठरा, खोकून बेजार झालेल्याचेही अठराच. म्हणजे कुणी मोजत नाही, आकडा ठोकून देतात. हा आळस सगळीकडे आहे, पण इतका निर्लज्ज मी पाहिला नव्हता. इथल्या सर्वांत जुन्या सिस्टरांना जाब विचारला, तर म्हणाल्या, या वॉर्डात श्वास मोजायचे नसतात, लिहायचे असतात. लिहिले की तेवढे टिकतात. चाळीस वर्षं नोकरी करून ही अक्कल! मी त्यांचं नाव अठराबाई ठेवलंय.

६ तारीख
नवा नियम लावला. घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिटभर मोजायचं. आकड्यापुढे दोन सह्या, एक मोजणारीची, एक साक्षीदाराची. एका सहीची नोंद बाद. मोजल्याशिवाय लिहाल तर खबरदार, असं धाकट्या सिस्टरांना दहादा घोकवलं. नमुना म्हणून तक्त्याच्या अकराव्या ओळीत माझंच नाव घातलं. अठराबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

७ तारीख
पहिली मोजणी. दहाही जणांचे अठरा. माझेही अठरा. बाईंनी पोरींना पढवलं असणार, म्हणून मी स्वतः पुन्हा मोजले. अठराच. योगायोग, दुसरं काय.

९ तारीख
काल सतरा, आज सोळा. सगळ्यांचे. घड्याळ बदलून पाहिलं, फरक नाही. अठराबाई विनवायला आल्या. चार नंबरच्या शिंपीकाकांसाठी तरी अठरा लिहू द्या, म्हणे. मी सरळ मेट्रनबाईंना पत्र दिलं, की खोट्या नोंदी करायला चिथावतात. त्यांची भांडारात बदली झाली, या वॉर्डात पाऊल टाकायचीही बंदी. बसा म्हणावं आता कापसाचे गठ्ठे मोजत.

१२ तारीख
तेरा. दहाही छात्या एकदम वर जातात, एकदम खाली येतात. माझीही. डॉक्टर म्हणाले, वय झालंय त्यांचं. दुसरं काही सुचतच नाही या लोकांना. माझ्या कोटाची बाही उसवलेली बघून शिंपीकाका म्हणाले, टाका घालून देतो. एवढंसं वाक्य, तीनदा थांबून संपवलं. एकदा अठरा लिहून बघावं, असं मनात आलं. शी! मग त्या बाईत आणि माझ्यात फरक काय? आणि अहवालाचं काय? तेरा लिहिले, सही केली.

१५ तारीख
दहा. शिंपीकाका सकाळी गेले. बाही तशीच राहिली. मी रोज खरा आकडा लिहिला. एक खोटा आकडा लिहायचा होता — एकच — तेवढा कमीपणा घेववला नाही. मी मारलं त्यांना.

१६ तारीख
नऊ. सगळ्यांपुढे अठरा लिहिले. माझी सही केली. दुसरी सही कुणीच करेना. मोजल्याशिवाय नाही, म्हणतात. वाक्य माझंच, तोराही माझाच. एका सहीची नोंद बाद, म्हणून त्यांनी माझे अठरा खोडले, वर नऊ लिहिले, दोघींनी सह्या केल्या. अठराबाईंना बोलवा, म्हटलं. मेट्रनबाईंनी माझंच पत्र दाखवलं —

१७ तारीख
आठ. चार नंबरवर मी. तीच खाट रिकामी होती — धाकटी सिस्टर उशाशी, घड्याळ घेऊन. पूर्ण मिनिट मोजते. मीच शिकवलं — अठरा लिही म्हटलं. हात जोडले. ती बघते माझ्याकडे — मी अठराबाईंकडे बघायचे, तशी — मी तक्ता ओढून घेतलाय. लिहिते. नऊ जणांपुढे, माझ्यापुढे — सही कर गं, एक सही — अठ