खाली आलेली रेघ

नाही गुरुजी, तुम्ही हसलाच होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून मी ते विसरावं, असं होत नाही. सातवीच्या वर्गात दाराजवळच्या भिंतीवर तुम्ही चौकटींचा कागद चिकटवला होता. प्रत्येकाच्या नावाची एक रेघ, महिन्यामहिन्याला ठिपका. माझी रेघ वरून सुरू झाली अन् घसरत घसरत पार तळाला. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणता, "पाह्य रे, कशी खाली आली तुझी रेघ!" अन् हसता. मागच्या बाकावरून लगेच, "का बे, आटला न तुझा तलाव!" सगळा वर्ग खिदळतो.

आपल्याकडे खाली गेलेलं काही चांगलं असते का, तुम्हीच सांगा. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी खाली गेलं की घरात कोणी धड बोलायचं नाही. मी ती रेघ तशीच वाचली, पाण्यासारखी. वर दोन शब्द लिहिले होते, ते पाहिलेच नाहीत. रेघ दिसत असताना अक्षरं कोण वाचते? आणि आधी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मी शाळा बुडवायचो, तेव्हा तुम्हीच बांधावर येऊन झापलं होतं, "रोवाले हात खूप आहेत, तू शाळेत ये." त्यानंतर मी रोज येऊ लागलो. त्याचं हे बक्षीस? मला वाटलं, डाव आहे. आधी बोलावायचं, मग भिंतीवर टांगायचं. त्या दिवशी दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. तुम्ही दोनदा घरी आलात, मी मागच्या दाराने सटकलो. आई म्हणाली, "गुरुजी तुलेच विचारून राहिले, काऊन पळतेस?" म्हटलं, "अजून हसाले आले असतील."

तेव्हापासून भिंतीवर लावलेल्या कशावरच माझा भरवसा नाही, अन् गोड बोलणाऱ्यावर तर नाहीच. नागपूर झालं, सुरत झालं, आता हैदराबादेत फरशा बसवतो. ठेकेदार पाठ थोपटू लागला की मी थैली भरायला घेतो.

परवा बहिणीचा फोन आला. मी शाळा सोडली तेव्हा पाळण्यात होती ती. आता तुमच्याच शाळेत सातवीला आहे. आई तिला विड्या वळायला बसवायला टपलेली, माझ्या पैशावर शाळा टिकून आहे. खुशीत सांगते, "दादा, माझी रेघ एकदम खाली आली!" माझं डोकंच फिरलं. "मग मी पैसे कायले पाठवू? बस विड्या वळत!" ती रडव्या आवाजात म्हणते, "गैरहजेरीचा आलेख आहे दादा तो. शाळा किती बुडवली, त्याची रेघ. खाली आली तं चांगलंच न! जुन्या गुरुजीपासून लावतेत, तुले नाही माहीत?"

तेव्हापासून मी तुमचं हसणं पुन्हा पुन्हा आठवून पाहून राहिलो आहे. तरी संशय जात नाही. खुशीत हसला असाल, तर सरळ 'शाबास' काऊन नाही म्हणाले? तलावाकाठची पोरं रेघ कशी वाचतील, हे तुम्हाला कळत नव्हतं का? की तुम्ही सांगितलं होतं, अन् त्या खिदळण्यात मला ऐकू आलं नाही? घरी आलात ते हेच सांगायला? कोणाला विचारू आता. एक मात्र आहे. सगळे हसत होते तोवर तुम्ही माझ्या खांद्यावरचा हात काढला नव्हता. ही गोष्ट कोणालाही सांगताना मी तेवढं गाळत आलो.

तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठे टाकणार, थैलीतच राहील. बहिणीला फोन करून सांगितलं, विड्यांना बसायचं नाही. घरखर्चात जाऊ नयेत म्हणून तिच्या शाळेचे वेगळे पाठवतो आहे. आठशे रुपये.