अगस्त्याची साप्ताहिक अनुपस्थिती

शनिवार, २ फेब्रुवारी १९९१
आमच्या भक्तीच्या शाळेत बावीसला विज्ञान प्रदर्शन. निवडलेला प्रकल्प सिल्वासाहून दमणला जाणार. नववीतली मुलगी, आणि विषय घेऊन बसली होती साबणाचा फेस. हस्तक्षेप केला. नवा विषय: अगस्त्य ताऱ्याचे भौतिक गुणधर्म. दक्षिणेचा पांढरा तारा, तेजात व्याधाच्या खालोखाल. पाठशाळेत ज्योतिष शिकण्यात घातलेली माझी सात वर्षे घरच्यांच्या कधीतरी उपयोगी पडायलाच हवीत. अट एकच. तक्त्यावर मार्गदर्शक म्हणून माझे नाव, ठळक.
साडेसातला गच्चीवर गेलो. समोरच्या टेकडीच्या माथ्यावर लगेच सापडला. लोक उगाच दुर्बिणी घेतात.

सोमवार, ४ फेब्रुवारी
अंतराबद्दल पुस्तकांत एकवाक्यता नाही. एक म्हणते शंभर प्रकाशवर्षे, दुसरे बाराशे. म्हणजे क्षेत्र मोकळे आहे. रंग ताडून पाहायला उशीचा अभ्रा वर नेला. तारा जास्त पांढरा. बायकोला, रजनीला, सांगितले, तर म्हणे त्या ताऱ्यालाच विचारा नीळ कुठली वापरतो.
अजिबात लुकलुकत नाही. समुद्र प्यायलेला ऋषी, तो कशाला लुकलुकेल?

बुधवार, ६ फेब्रुवारी
भक्तीची शंका: बाकीचे तारे सरकतात, हा का नाही? ध्रुवाचे उदाहरण दिले. म्हणे, ध्रुव उत्तरेला असतो. म्हटले, म्हणूनच तोल सांभाळायला दक्षिणेला एक हवा. तिने पुन्हा वर पाहिले. पटले असावे.
मग म्हणाली, व्याधाच्या खाली, टेकडीच्या बरीच वर, आणखी एक पांढरा तारा आहे. पाहिला. गौण आहे. वेगळ्या वहीत त्याची नोंद ठेव म्हटले, हात तरी वळेल.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी
अगस्त्य नाही. आकाश स्वच्छ. सात ते दहा चार वेळा जिने चढलो. जेवण गेले नाही. रजनी म्हणे, बसा हो एका जागी, तुमच्या फेऱ्यांनी खालच्यांचा पंखा हलतोय.

शनिवार, ९ फेब्रुवारी
आहे. जागेवर. हायसे वाटले, पण चैन नाही. काल होता कुठे?

सोमवार, ११ फेब्रुवारी
जिन्यात अरविंद खैरनार भेटला. खालच्या मजल्यावर राहतो, मूळचा धुळ्याकडचा, धाग्याच्या कारखान्यात इंजिनिअर. म्हणे, काय बघी राह्यले सर रोज आमच्या कंपनीकडे? तारा म्हणालो. माझ्याकडे, मग जिन्याच्या छताकडे पाहून खाली उतरला. इंजिनिअर लोकांची दृष्टी फार तर छपरापर्यंत.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी
पुन्हा नाही! टेकडी काळीकुट्ट. अगस्त्य रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, तारा आहे. काळ बरोबर सात दिवस, लोप शुक्रवारी. एकाही पुस्तकात हे नाही. मी नाशिकच्या साप्ताहिकाचा बातमीदार. आजवर माझ्या बातम्या त्यांनी बाजारभावाखाली छापल्या. आता पहिले पान द्यावे लागेल.

रविवार, १७ फेब्रुवारी
बातमी तयार. मथळा जमत नाही, म्हणून पाठवली नाही. आठ मथळे केले. प्रत्येकात माझे नाव आधी येते आणि ताऱ्याचे राहून जाते.

मंगळवार, १९ फेब्रुवारी
भक्ती आणि अरविंद जिन्यात बोलत होते. मी येताच थांबले. भक्तीने माझी नोंदवही मागितली, दिली. रात्री रजनी म्हणे, प्रदर्शनाला तुम्ही यायलाच हवं का? हा काय प्रश्न झाला? कोट इस्त्रीला टाकला.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी, रात्री नऊ
भक्तीची निवड झाली. दमणला जाणार.
तक्त्याचे नाव ‘तारा की दिवा?’ डावीकडे अगस्त्य, तिच्या वेगळ्या वहीतला: लुकलुकतो, सरकतो, रोज चार मिनिटे आधी येतो. उजवीकडे टेकडीवरच्या कारखान्याच्या टाकीवरचा मर्क्युरीचा दिवा: लुकलुकत नाही, हलत नाही, शुक्रवारी कारखान्याला वीजकपातीची सुट्टी म्हणून बंद. उजवीकडची सगळी निरीक्षणे माझी. अभ्र्यासकट.
परीक्षक म्हणाले, एका दिव्याची इतकी चिकाटीची नोंद त्यांनी आजवर पाहिली नव्हती. अरविंद शेजारीच उभा होता. बुटांकडे बघत होता.
खाली ठळक अक्षरात: मार्गदर्शक, श्री. सदाशिव केळुसकर. पोरीने शब्द पाळला. मी दोनदा बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.
घरी आल्यावर बातमी फाडली.
आठला भक्ती म्हणाली, बाबा, वर चला, आज दिवा नाही, छान दिसेल. गेलो. तिने माझी हनुवटी धरून मान वर केली. फार वर नव्हता. मी म्हणालो, पांढरा आहे. ती म्हणाली, किंचित पिवळसर आहे हो.
मी हो म्हणालो.