पाव फेरा

४ जून १९९६
कापून टाका म्हटलं डॉक्टरांना! वर्ष झालं. टेम्पोने स्कूटर उडवली, नडगी मोडली. प्लेट टाकली, पू झाला. प्लेट काढली — पू तसाच. वास माझा मलाच सोसवत नाही. डॉक्टर म्हणाले, एक शेवटचा उपाय करू. नाही जमलं तर गुडघ्याखाली कापू.
आत्ताच कापा ना. सुटेन तरी.

१९ जून
पायाभोवती लोखंडी कड्यांचा पिंजरा, तारा हाडातून आरपार. सडलेलं हाड काढलंय. वरचं चांगलं हाड मुद्दाम मोडलंय. तो तुकडा रोज केसभर खाली सरकवायचा, म्हणजे मागे नवं हाड भरतं म्हणे. त्यासाठी कड्यांवर नट. दिवसातून चारदा पाव फेरा.
फिरवणार कोण? आमचे हे! कारखान्यात फिटर. डॉक्टरांना काय आनंद झाला! घरचाच फिटर, मग बघायलाच नको.

३० जून
घरी. ह्यांनी रजा टाकलीय. नट फिरला की आत सुरी फिरते. मी डोळे मिटून उशी चावते, तरी ओरडतेच. खालच्या मथुराबाई विचारून गेल्या, काय झालं म्हणून. काय सांगू? नवरा पाना घेऊन मागे लागलाय!
त्या दिवशी स्कूटर हेच चालवत होते. त्यावरून मी कधी एक शब्द काढलेला नाही.

८ जुलै
दुखणं कमी. सवय झाली असेल. आज कितीतरी दिवसांनी शाळेची आठवण आली. दिवाळीनंतर वर्गावर जाता येईल?

२२ जुलै
एक्स-रे काढला. तुकडा थोडासा सरकला, मग जागचा हललाच नाही. मुद्दाम मोडलेलं हाड जुळून बसलंय! जे जुळायला हवं ते वर्षभर जुळलं नाही, जे नको ते महिन्यात जुळलं. आमच्या हाडालासुद्धा शिस्त नाही.
डॉक्टरांनी विचारलं, नट नीट फिरवता ना? मीच म्हटलं, ह्यांच्या हातून चूक व्हायची नाही. हे खाली बघत होते.
पुन्हा मोडणार. आता शेवटचं.

२३ जुलै
काही लिहिण्यासारखं नाही. रडले.

११ ऑगस्ट
परत घरी. तेच नट, तेच ओरडणं. ह्या वेळी श्यामला सिस्टरने नटांवर नेलपॉलिशचे लाल ठिपके दिलेत, फेरा कळावा म्हणून. मी कशाला बघतेय! माझे डोळे मिटलेले.
देवा, पाय राहू दे बाजूला. मलाच ने.

१८ ऑगस्ट
दोन दिवस दुखलंच नाही. गेल्या वेळीही असंच कमी झालं होतं.
सकाळी ठिपका माझ्याकडे तोंड करून होता. दुपारीही तिथेच. संध्याकाळी डोळे उघडे ठेवले. ह्यांनी पाना नटाला वरवर टेकवला, मनगट वळवलं — पाना नुसताच फिरला. नट जागच्या जागी.
"अहो, हे काय करताय?"
पाना खाली ठेवला. म्हणाले, "हात वळत नाही गं. तू ओरडतेस. एकदा मोडलाय मी हा पाय."
आणि रडायला लागले. मी कधी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं. संताप संताप झाला माझा. ह्यांच्या मायेपायी पाय जायचा माझा! जेवले नाही.

१९ ऑगस्ट
ह्यांना मंडईत पिटाळलं, भाजीला. पाना मी घेतला.
दुखलं. देवा, दुखलं! ठिपका हलला.