तेवीस नंबर आणि नानांचा गाल

८ ऑगस्ट ७७, सोमवार

नवे बेडूक आले, हिप्परग्याच्या तलावाचे. तगडे. ऑसिलोस्कोप सकाळी चालू, दुपारी लाइट गेली, चारला परत. तेवढ्यात जमेल तेवढं.

इक्बाल शेख स्वतः बाटल्या घेऊन आला. सायन्स कॉलेजात मुलांचं प्रॅक्टिकल आटोपलं की तिथंच माझ्यासाठी नवे पदार्थ बनवत बसतो. पगार केमिस्ट्री शिकवण्याचा, ही हौस फुकटची. आजचे नंबर १८ ते २१. चारही फुसके.

इ. म्हणाला, "मॅडम, एकदा नीट सांगा की. माझी पावडर नसेत जाऊन करते तरी काय?"

म्हटलं, नसेला बारीक दारं असतात. त्यातून सोडियम आत शिरला की निरोप पुढं जातो. दुखण्याचा निरोपसुद्धा. मला असा पदार्थ हवा जो शांत नसेला हात लावणार नाही, पण जी नस सारखी ओरडतेय तिची दारं अडवेल.

"म्हणजे भांडखोराचंच तोंड बांधायचं."

अगदी तेच. मेडिकलला माझ्या तासाला इतकं नेमकं कुणी बोलत नाही.

१९ ऑगस्ट

नानांना जेवताना कळ आली. उजवा गाल. हातातला घास ताटात पडला, डोळे मिटून बसले, कपाळावर घाम. मिनिटभरात गेली. मग वहिनीला म्हणाले, भात गार करून दे.

दोन वर्षं झाली. चेहऱ्याची नस. दाढी नाही, चूळ नाही, पंख्याचा वारा नाही. फिटवरच्या गोळ्यांनी कळा कमी होतात, पण इतकं गरगरतं की मागावर बसवत नाही. जन्मभर चादरी विणलेला माझा बाप ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या मागांची खटखट ऐकतो.

मला कधी म्हणाले नाहीत, लवकर कर म्हणून.

२ सप्टेंबर

२३!!

शांतपणे लिहायचा प्रयत्न. नस काढली, चेंबरमध्ये ठेवली, २३ चं पातळ द्रावण टाकलं. विजेच्या सावकाश टिचक्या दिल्या, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर नसेच्या निरोपाचा उंचवटा होता तेवढाच. वाटलं, हाही फुसका. मग जलद टिचक्या लावल्या. पहिला उंचवटा पूर्ण, दुसरा थोडा बुटका, तिसरा आणखी, आणि मग नुसती सपाट हिरवी रेघ. थांबले. विसावा दिला. उंचवटा परत आला.

दुसरी नस, तेच. तिसरी, तेच. साध्या भूल देण्याच्या औषधानं बघितलं, ते जलद-सावकाश फारसा भेद करत नाही, सरसकट झोपवतं.

बाहेरच्या जर्नलात असं काही वाचलं होतं. वाचणं वेगळं. हे आमच्या टेबलावर, आमच्या बेडकात, इ. नं इथं सोलापुरात बनवलेल्या पावडरीनं.

घरी चालत आले. रिक्षात बसवेना.

५ सप्टें.

सरांना दाखवलं. विभागप्रमुख, त्यामुळे आधी चष्मा पुसला. "इथली लाइट, इथला ॲम्प्लिफायर. व्होल्टेज पडलं की उंचवटे बुटके होणारच. तुला जे हवं तेच दिसत नाहीये ना?"

राग आला. पण प्रश्न बरोबर होता, हे जिन्यातून उतरताना मान्य केलं.

तेच म्हणाले, मग बाटल्यांवरची लेबलं काढतो. कुठल्या बाटलीत काय ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नसेल. तू सांग २३ कोणती.

९ सप्टें.

चार दिवस त्याच बाटल्या. सरांनी काहींत नुसतं मिठाचं पाणी, काहींत भुलीचं औषध, काहींत इ. चे जुने फुसके पदार्थ भरलेले. वरून मध्येच येऊन मागं उभे राहायचे.

आज त्यांच्या टेबलावर २३ च्या सगळ्या बाटल्या वेगळ्या काढून ठेवल्या. एकही चुकली नाही.

सरांनी आपली यादी दोनदा ताडून पाहिली. मग, "पेपर लिही. तुझं नाव पहिलं, शेखचं दुसरं. माझं घालू नकोस, मी फक्त लेबलं काढली."

इ. ला फोन केला. त्यांच्या कॉलेजच्या शिपायानं वर्गातून बोलावून आणला. मग, "लई भारी काम झालं की ओ, मॅडम!" आणि फोन ठेवायचंच विसरला. मागं मुलांचा गोंधळ ऐकू येत होता.

अभिमान वाटतोय. खोटं कशाला लिहू? खूप वाटतोय.

२० सप्टें.

नानांना कळलं. वहिनीनं सांगितलं असणार.

अंगणात मला एकटीला गाठून विचारलं, घरच्या तेलुगूत, हळू आवाजात, कुणाची तरी वस्तू मागावी तसं. थोडं मला दे.

नाही म्हटलं.

"बेडकाला देतेस, बापाला नाही?"

बेडूक मेला तर मी दुसरा मागवते, म्हटलं. हे बोलून झाल्यावर तोंडाकडे बघवेना.

"बरं," म्हणाले. "डॉक्टर केलं ते मीच." आणि आत गेले. रागावले की कौतुक केलं, समजलं नाही.

मनात आलं नाही असं नाही. कपाटात आहे, चिमूटभर पुरे. पण अजून उंदरांनासुद्धा दिलं नाही.

४ ऑक्टोबर

उंदरांना दिलं. कमी मात्रेत ठीक. थोडी वाढवली तर झटके. निम्मे गेले.

नानांनी अंगणात मागितलं होतं ते सारखं डोळ्यांपुढे. आज जेवण गेलं नाही.

६ ऑक्टो.

इ. आला. मी तोंड पाडून बसलेली. त्यानं फळ्यावर २३ ची आकृती काढली आणि तिच्याकडे बघत उभा राहिला.

"झटके येतात म्हणजे मेंदूत घुसतंय. बरोबर?"

बरोबर.

"मग घुसणं अवघड करू. हितलं टोक बदलतो. पाण्यात जास्त विरघळंल, मेंदूत कमी जाईल."

नसेत पण कमी जाईल मग.

"थोडं कमी. बघू की. २३ नं रस्ता दावलाय, आता रस्ता कशाला सोडायचा?"

तो गेल्यावर फळा पुसू दिला नाही.

२४ ऑक्टो.

२४, २५, २६ बेकार. २७ आज. जलद टिचक्यांवर रेघ सपाट होते, पण २३ पेक्षा सावकाश. होते मात्र. सर शेजारी खुर्ची ओढून बसले होते. "अरे वा" म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द म्हणजे सुवर्णपदक.

३१ ऑक्टो.

२७, उंदीर. ज्या मात्रेला २३ नं झटके आले तिथं हे नुसते सुस्त. दुपटीला पण झटके नाहीत. सकाळी पिंजऱ्यात खुडबुड चालू होती. इतका गोड आवाज!

पुढचं खूप आहे. हृदय, यकृत, मोठे प्राणी, महिनोन् महिने देऊन बघणं. ते इथं होणार नाही. नमुना मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला, सरांच्या सहीनं. त्यांनी घेतला तर वर्षं लागतील. नाही घेतला तर... नाही घेतला तर दुसरीकडे पाठवू.

नानांना सगळं खरं सांगितलं. २३ नं उंदीर मेले तेही. ऐकून घेतलं. म्हणाले, मला तुझं मशीन बघायचंय.

२ नोव्हेंबर

नाना आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, वाऱ्यासाठी गालावरून मफलर. इ. मुद्दाम थांबला होता. सरांनी पंखा बंद करवला.

इ. ला म्हणाले, "तुमीच का पावडरवाले? आमची पोरगी घरात तुमचंच नाव घेती. लई हुशार हाय ती, तुमाला सांगतो."

"आमाला ठाऊक हाय की, चाचा."

नस लावली, २७ टाकलं. नाना पडद्याला नाक लागेल इतके वाकले. विणीतली चूक शोधताना वाकायचे तसे. सावकाश टिचक्या, उंचवटे. जलद टिचक्या. बुटके, आणखी बुटके, सपाट.

"गप झाली?"

गप्प झाली, नाना.

"हे तू केलंस."

आम्ही दोघांनी, म्हटलं. त्यांनी ऐकलं नसावं. सरांकडे वळून हेच परत सांगायला लागले, ही माझी मुलगी, हिनं केलं, आणि बोलता बोलता कळ आली.

खुर्ची दिली. इ. नं खांदा धरला. मी समोर गुडघ्यांवर बसले. करण्यासारखं काही नव्हतं. टेबलावर बाटली होती. कुणीही तिच्याकडे बघितलं नाही, नानांनी तर मुळीच नाही.

गेली. डोळे पुसले, मफलर सारखा केला.

"परत लाव," म्हणाले. "शेवटचं नीट दिसलं नाही."